डमी सीसीटीव्ही कॅमेरा: भिंतीवरचं हे बुजगावणं घ्यावं का?

पुठ्ठ्याचं खोकं उघडलं की हाती येतं ते एवढंच: पांढरं किंवा राखाडी प्लास्टिकचं कवच, पुढे भिंगासारखी दिसणारी काळी टिकली, तिच्याभोवती गोलाकार बसवलेले खोटे एलईडी, एक खरा लाल एलईडी, दोन एए सेलचा कप्पा, वीतभर लांबीची कुठेही न जाणारी वायर, दोन-तीन स्क्रू आणि ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात’ असं सांगणारं स्टिकर. ऑनलाइन हा माल दोन-तीनशे रुपयांपासून मिळतो. घुमटाच्या आकाराचा, लांबट नळीसारखा, वर खोटं सोलर पॅनल लावलेला आणि माणूस जवळ आला की मान वळवणारा, असे त्याचे चार प्रकार सर्रास दिसतात.

हा कॅमेरा पाहत नाही, ऐकत नाही, काही साठवत नाही. तो विकतो ती फक्त एक शंका: समोरून कुणी बघत असेल तर? तेव्हा परीक्षण त्या शंकेचंच करायला हवं. ती कुणाच्या मनात येते, किती दिवस टिकते आणि मोडल्यावर काय होतं, यावर दोनशे रुपये वसूल की वाया हे ठरतं.

पहिली गोष्ट, चोराच्या डोक्यात कलमं नसतात. राहत्या घरातल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे, साध्या चोरीला कलम ३०३ खाली तीन वर्षांपर्यंत. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला, तर समाजसेवेची शिक्षा. पार्किंगमध्ये स्कूटरचं पेट्रोल काढायला बसलेल्या माणसाला हा फरक माहीत नसतो, आणि असला तरी तो त्या वेळी हिशेब मांडतो तो वेगळाच: आत्ता, इथे, मी सापडेन का? इटलीतल्या सेझारे बेकारियाने १७६४ मध्येच हे मांडलं होतं की शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची अटळता माणसाला जास्त आवरते. अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ डॅनियल नेगिन यांनी २०१३ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यातही हेच निघालं: पकडलं जाण्याची खात्री जरब बसवते, शिक्षेची वर्षं वाढवून फारसं हाती लागत नाही. ही खात्रीसुद्धा प्रत्यक्षातली नव्हे, त्या माणसाला वाटते ती.

म्हणून खोक्यातल्या स्टिकरला कमी लेखू नका, पण त्यावरचा मजकूर बघून घ्या. काही बोर्डांवर अजूनही ‘चोरी हा भा.दं.वि. ३७९ नुसार गुन्हा आहे’ असं छापलेलं असतं. भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ पासून गेली. जुनं कलम लिहिलेला बोर्ड म्हणजे इथे वर्षानुवर्षं कुणी लक्ष घातलेलं नाही याची जाहिरातच. कलम लिहूच नका. ‘रेकॉर्डिंग चालू आहे’ हे तीनच शब्द, सहा इंच उंचीच्या अक्षरात, माणूस आत शिरण्यापूर्वी वाचेल अशा जागी. कॅमेऱ्याच्या खाली बोर्ड लावायची पद्धत चुकीची आहे. तिथवर पोचलेल्याने निर्णय आधीच घेतलेला असतो.

नुसत्या शंकेने चोरी कमी होते का? होते, पण तिची एक किंमत आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात सायकलचोऱ्या फार व्हायच्या. तिथल्या संशोधकांनी तीन सायकल स्टँडवर रोखून बघणाऱ्या डोळ्यांचं चित्र आणि ‘सायकलचोरांनो, आमची नजर आहे’ अशा अर्थाची पाटी लावली. कॅमेरा नाही, वॉचमन नाही, फक्त कागद. २०१२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: पुढच्या वर्षभरात त्या तीन स्टँडवरच्या चोऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या. आणि ज्या स्टँडवर पाटी नव्हती, तिथल्या ६५ टक्क्यांनी वाढल्या. डोळ्यांनी काम केलं की मजकुराने, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. पण डमी कॅमेरा घेणाऱ्यासाठी त्यात सगळं आलं. चोर सुधारला नाही, शेजारी गेला. तुमच्या गल्लीत सगळ्यांनीच डमी लावले तर जायला शेजार उरत नाही आणि कुणाचाच डमी कामाचा राहत नाही.

आता वस्तूकडे वळू, कारण बाजारातले बरेचसे डमी दिसताक्षणी ओळखू येतात.

सगळ्यात मोठा घोळ तो लुकलुकणारा लाल दिवा. विकणारा त्यालाच वैशिष्ट्य म्हणून मिरवतो. खऱ्या कॅमेऱ्याला दिवसा असा दिवा सहसा नसतो. रात्री त्याचे इन्फ्रारेड एलईडी सगळे एकदम पेटतात, सतत पेटलेले राहतात, आणि ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे असतील तर अंधारात निखाऱ्यासारखी अंधूक लाली दिसते. ९४० नॅनोमीटरचे असतील तर डोळ्याला काहीच दिसत नाही. मध्यान्हीच्या उन्हात ठरावीक अंतराने टिकटिक करणारा एकच लाल ठिपका म्हणजे ‘मी खोटा’ असं ओरडून सांगणं. मोबाइलचा कॅमेरा, शक्यतो पुढचा, रात्री त्याच्याकडे धरला की दहा सेकंदांत निकाल: खऱ्याचे एलईडी पडद्यावर जांभळट-पांढरे चमकतात, डमीचे काळे राहतात. ही युक्ती शाळकरी पोरांनाही माहीत आहे.

दुसरी खूण वायर. खऱ्या ॲनालॉग कॅमेऱ्याला दोन शेपट्या असतात, एक व्हिडिओची बीएनसी जोडाची आणि एक वीजपुरवठ्याची. त्या दोन्ही प्लास्टिकच्या चौकोनी डब्यात जातात आणि तिथून जाड ‘थ्री प्लस वन’ केबल (तीन साध्या तारा आणि एक व्हिडिओची, एकाच आवरणात) भिंतीवरून क्लिपा मारत किंवा पाइपातून निघते. डमीची वायर कवचातून बाहेर येऊन भिंतीला टेकते आणि संपते. तिसरी खूण नाव. खऱ्या कॅमेऱ्यावर कंपनीचं नाव असतं, डमीवर ठळक इंग्रजीत ‘सीसीटीव्ही’. पंख्यावर कुणी ‘पंखा’ असं लिहीत नाही! चौथी खूण हलकेपणा: दीड-दोनशे ग्रॅमचं पोकळ कवच वाऱ्यावर डुलतं, एका पावसाळ्यात पिवळं पडतं, भिंगाची टिकली धुरकट होते. पाचवी खूण तर गंमतच आहे. इन्फ्रारेडच्या उजेडाला आणि उबेला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, म्हणून खऱ्या कॅमेऱ्याच्या तोंडावर जाळं असतं. डमीवर नुसती धूळ.

सेलचा हिशेब कुणी करत नाही, म्हणून तो इथे मांडतो. एलईडी लुकलुकताना साधारण १० मिलिअँपिअर खातो, सेकंदातला दहावा भाग पेटतो असं धरलं तर सरासरी १ मिलिअँपिअर. चांगल्या अल्कलाइन एए सेलची क्षमता दोन ते अडीच हजार मिलिअँपिअर-तास, म्हणजे तीन-साडेतीन महिने. खोक्यात मिळणारे किंवा टीव्हीच्या रिमोटचे स्वस्त झिंक-कार्बन सेल आठशे ते हजारचे, म्हणजे महिना-सव्वा महिना. लाल एलईडीला सुमारे १.८ व्होल्ट लागतात. प्रत्येक सेल ०.९ वर आला की दिवा आधी मंदावतो, मग विझतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळी हवेत सेल गळतात, स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर चढतो, कप्पा कायमचा जातो. विझलेला दिवा दोन आठवडे तसाच राहिला की रोज त्या वाटेने जाणाऱ्याला उत्तर मिळालं. त्यामुळे सल्ला उलटाच: सेल घालूच नका. दिवा नसलेला डमी जास्त खरा वाटतो.

बसवायचाच असेल तर असा बसवा. उंची दहा ते बारा फूट. खरा कॅमेरा इतका वर गेला तर फक्त डोकी आणि टोप्या टिपतो, त्याला आठ-नऊ फूट बरे. डमीला चेहरे टिपायचे नाहीत, तो फक्त दिसायला हवा आणि हाताला लागायला नको. मागे चार बाय चार इंचाचा पीव्हीसी डबा बसवा, त्यातून २० मिलिमीटरचा पाइप वर छतापर्यंत किंवा खिडकीच्या चौकटीपर्यंत न्या आणि आत दोन-तीन मीटर जुन्या केबलचा तुकडा घाला. डबा, पाइप, केबल, चार गिट्ट्या मिळून खर्च डमीपेक्षा जास्त होईल, पण शंका पैदा करते ती ही केबल. प्लास्टिकच्या गिट्टीवर विसंबू नका. दोन स्क्रूऐवजी चार मारा, डुलणं थांबतं. तोंड जमिनीकडे साधारण तीस अंश झुकलेलं ठेवा. समोर क्षितिजाकडे बघणारा कॅमेरा कुणा जाणत्याने बसवलेला नाही हे लगेच कळतं. आणि शेजाऱ्याच्या बेडरूमच्या खिडकीकडे तोंड करू नका. डमी असला तरी भांडण खरंच होतं, आणि ते मिटवायला ‘अहो, खोटा आहे’ असं सांगावं लागलं की विषय संपला.

खरं तर उत्तम डमी दुकानात मिळतच नाही. सीसीटीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे विजेच्या झटक्याने सेन्सर किंवा मुख्य बोर्ड गेलेले कॅमेरे पडून असतात, भंगाराच्या भावात देतो. धातूचं कवच, खरी काच, कंपनीचं नाव, खऱ्या शेपट्या. त्यातल्या काहींचा इन्फ्रारेडचा बोर्ड शाबूत असतो. १२ व्होल्टचा ॲडॅप्टर जोडला की अंधारात एलईडी खऱ्यासारखे पेटतात, मोबाइलच्या परीक्षेलाही उतरतात, आणि जाळं धरायला कोळीही येतो. दोनशे रुपयांचा नवा डमी आणि शंभराचा मेलेला खरा, यांत निवड करायला वेळ लागू नये.

आता मुख्य प्रश्न, शंका टिकते किती?

शेतकऱ्याला याचं उत्तर माहीत आहे. बुजगावणं रोवलं की पहिले काही दिवस पाखरं दबकतात, मग त्याच्या हातावर बसायला लागतात. माणसांचंही तेच. ब्रिटनमध्ये ९ ऑक्टोबर १९६७ पासून दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची श्वासचाचणी सुरू झाली, मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम. प्रसिद्धी इतकी झाली की प्रत्येक वळणावर पोलीस नळी घेऊन उभा असेल असं चालकांना वाटलं. शनिवार-रविवारच्या रात्रींचे अपघात झपाट्याने खाली आले. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की आपल्याला कुणी अडवत नाही, ओळखीतल्या कुणालाही अडवलेलं नाही. काही वर्षांत परिणाम विरून गेला. कायदा तोच, शिक्षा तीच, फक्त भीतीचा भाव उतरला. लॉरेन्स रॉस या समाजशास्त्रज्ञाने या घसरणीचा बारकाईने अभ्यास केला आहे, आणि डमी कॅमेऱ्याच्या खोक्यावर खरं तर तोच इशारा म्हणून छापायला हवा. नवा लावलेला डमी पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात प्रभावी असतो. त्यानंतर त्याच्या आजूबाजूला एकदाही काही घडलं नाही, कुणाला हटकलं गेलं नाही, तर तो भिंतीचा भाग होऊन जातो.

यावर उपाय म्हणून बुजगावणं हलवतात. तो चालतो याला आपल्याच देशात पुरावा आहे. राजस्थान पोलिसांबरोबर अभिजित बॅनर्जी (आई मराठी, जन्म मुंबईचा, २०१९ चे नोबेल मानकरी), एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मद्यपी चालकांसाठीच्या नाकाबंदीचा प्रयोग केला. काही ठाण्यांत नाका एकाच मोक्याच्या जागी ठेवला, काहींत दर वेळी जागा बदलली. जागा बदलणाऱ्या नाक्यांमुळे रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. एकाच जागेवरच्या नाक्याचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. लोकांनी आडवाट शोधली, संपलं.

पण डमी कॅमेऱ्याची पंचाईत इथेच आहे. खरा कॅमेरा केबलला बांधलेला असतो, तो दर महिन्याला भिंत बदलत नाही. जो बदलतो तो खोटा, हे उघड होतं. एका जागी ठेवला तर शिळा होतो, हलवला तर पकडला जातो. यातून सुटायची वाट ब्रिटनच्या रस्त्यांवर दिसते. तिथे फिल्मचे वेगकॅमेरे होते त्या काळात पिवळ्या पेट्या जास्त आणि आतले कॅमेरे कमी असत. पेट्या जागच्या हलत नसत, कॅमेरा या पेटीतून त्या पेटीत फिरे. कुठल्या पेटीत आज जीव आहे हे चालकाला बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

दुकान, बंगला, छोटं गोदाम यांसाठी नेमकं हेच करता येतं. चार जागी केबल ओढा. दोन कॅमेरे खरे, दोन त्याच कंपनीचे, त्याच कवचाचे मेलेले. महिना-दीड महिन्याने आपसांत अदलाबदल करा, दहा मिनिटांचं काम आहे, दोन्ही जोड तेच असतात. ९० मीटरच्या केबलच्या एका गुंडाळीत लहान जागेचं काम भागतं. डमी एकटा विकत घेणाऱ्याने निदान एक खरा कॅमेरा प्रवेशापाशी लावावा, नाहीतर त्या डमीच्या धमकीमागे काहीच उभं नसतं.

कुठे घ्यावा, कुठे नाही, हे आता सरळ सांगता येईल.

पार्किंग: चालेल. खऱ्या सीसीटीव्हीवरच्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये आला. त्यात गुन्ह्यांत सरासरी १३ टक्के घट दिसली, सगळ्यात चांगला परिणाम वाहनतळांवर, आणि मारामारीसारख्या हिंसक गुन्ह्यांवर जवळपास शून्य. रागाच्या किंवा दारूच्या भरात असलेला माणूस वर बघत नाही. पेट्रोल, हेल्मेट, सायकल यांवर हात मारणारा मात्र आधी इकडे-तिकडे बघतो, आणि डमीचं गिऱ्हाईक तोच. त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट होती: पडद्यासमोर माणूस बसून लक्ष ठेवतो तिथे परिणाम चांगला, नुसतं रेकॉर्डिंग चालतं तिथे कमी. म्हणजे बघणारा कुणी नसेल तर खरा कॅमेराही अर्धा बुजगावणंच.

कचऱ्याचा ठिय्या: चालेल, पण दोन-तीन आठवड्यांपुरता. कोपऱ्यावर पिशव्या टाकणारे रोजचेच लोक असतात, त्यांना अंदाज लवकर येतो. तेवढ्या अवधीत जागा स्वच्छ करून कुंड्या मांडल्या, उजेड केला तर सवय मोडते. नुसता डमी टांगून वाट बघितलीत तर महिन्याभरात त्याच्याच खाली ढीग.

दुकानाचा गल्ला: नको. तिथला धोका आतल्या माणसाचा असतो, आणि आतल्या माणसाला काउंटरखाली डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारी पेटी, आहे की नाही हे पहिल्या दिवशी कळतं. डेन्मार्कवर जर्मनीचा ताबा असताना सप्टेंबर १९४४ मध्ये कोपनहेगनचं पोलीस दल अटक करून हटवलं गेलं. चोऱ्या आणि लूट कित्येक पटींनी वाढली, पण अफरातफरीसारखे, जिथे करणारा आपोआपच ओळखीचा असतो असे गुन्हे तसे वाढले नाहीत. गल्ल्याला रोजची मोजणी आणि दोन सह्या लागतात.

शेतातली मोटर आणि केबल: सहसा नको. तांब्यासाठी केबल कापणारे टोळीने येतात, जागा आधी हेरून जातात. जिथे वीज नाही, मोबाइलची रेंज नाही, तिथे काळोखात लुकलुकणारा दिवा म्हणजे ‘इथे काहीतरी किमती आहे’ असा कंदील. सोलर आणि सिमकार्डवर चालणारा खरा कॅमेरा परवडत नसेल तर केबल जमिनीत खोल पुरणं जास्त उपयोगी.

सोसायटी: इथे गुपित राहूच शकत नाही. ‘डमी कॅमेरे, ३ नग’ ही नोंद खर्चाच्या तक्त्यात येते, तक्ता वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात येतो, अहवाल प्रत्येक सभासदाकडे जातो, तिथून व्हॉट्सॲपवर. नोंद लपवली तर तो वेगळाच घोटाळा. शिवाय रात्री अकराला घरी परतणारी बाई ‘इथे कॅमेरा आहे’ या भरवशावर मागचा जिना निवडते. तो भरवसा खोटा ठेवण्याचा अधिकार कमिटीला नाही. लिफ्ट, जिने, वसतिगृहं, शाळा इथे डमी लावणं ही सरळ फसवणूक आहे. शाळांना तर २०२४ च्या बदलापूर प्रकरणानंतर राज्यात खरे सीसीटीव्ही सक्तीचेच झाले आहेत.

रात्रपाळीच्या वॉचमनच्या काठीचा आणि शिट्टीचा उपयोग-तोटा याच जातीचा आहे, हे जाता जाता. शिट्टी जागेपणाची खात्री देते आणि तो आत्ता कुठल्या टोकाला आहे हेही चोराला सांगते. फेरीची वेळ आणि दिशा बदलती ठेवली तर ती शिट्टी कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त.

खरा संच घ्यायचा तर किती फरक पडतो? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चार कॅमेऱ्यांचा संच मागितला की दुकानदार २ मेगापिक्सेल, चार चॅनेलचा डीव्हीआर, १ टेराबाइट डिस्क आणि १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा डबा) काढून ठेवतो. तीन प्रश्न विचारा. पहिला, किती दिवसांचं रेकॉर्डिंग? प्रत्येक कॅमेरा सेकंदाला १ मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला १०.८ जीबी, चार कॅमेऱ्यांचे ४३, म्हणजे टेराबाइटभर डिस्क तीन आठवड्यांत भरते. दोन मेगाबिट ठेवलं तर दहा-अकरा दिवसांत. चोरी दिवाळीच्या सुट्टीनंतर लक्षात येत असेल तर दहा दिवस पुरत नाहीत. दुसरा प्रश्न, चेहरा ओळखू येईल का? त्यासाठी चित्रात दर मीटरला सुमारे २५० पिक्सेल लागतात. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं १९२० पिक्सेल रुंद चित्र म्हणजे पावणेआठ मीटर रुंदी, आणि २.८ मिलिमीटरच्या रुंद भिंगाने ती मर्यादा सव्वातीन मीटरवरच संपते. फाटकावर ६ मिलिमीटरचं भिंग घ्या, आठ मीटरपर्यंत चेहरा मिळतो. तिसरा प्रश्न, केबलची तार तांब्याची की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची? मुलाम्याची असेल तर लांब पल्ल्यावर विजेचा दाब (व्होल्टेज) घटतो आणि कॅमेरा दिवसा नीट चालून रात्री, इन्फ्रारेड पेटल्याबरोबर, बंद पडतो. चोरीच्या वेळेलाच.

खरा संच नकळत डमी होतो तो मुख्यतः डिस्क मेल्याने. पडद्यावर थेट चित्र दिसत राहतं, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. डीव्हीआर बीप करतो म्हणून कुणीतरी आवाज बंद केलेला असतो. आठवड्यातून एकदा सात दिवसांपूर्वीची एखादी वेळ उघडून पाहा, थेट चित्र पाहू नका. घड्याळही तपासा. आतला सीआर२०३२ सेल संपला की वीज जाऊन आल्यावर तारीख भलत्याच वर्षावर जाते, आणि मग पुराव्याची पंचाईत. फुटेज पोलिसांना देताना डीव्हीआरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ यांतला फरक लिहून ठेवा, पडद्याचं मोबाइलने चित्रण करून देऊ नका, मूळ फाइलच काढा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ (४) चं प्रमाणपत्र लागतं, ते दोन भागांत असतं, एक यंत्र ताब्यात असणाऱ्याचं आणि एक तज्ज्ञाचं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, नोंदवावं लागतं.

डमीवाल्याकडे यातलं काहीच नसतं. चोरी झाल्यावर पंचनाम्याला आलेला हवालदार आधी वर बघतो आणि म्हणतो, फुटेज दाखवा. उत्तर मिळताच ते तिथे जमलेले सगळे ऐकतात, संध्याकाळपर्यंत गल्लीला कळतं. त्यानंतर तो डमी एक दिवसही भिंतीवर ठेवू नका, कारण तो आता शंका पैदा करत नाही, खात्री देतो. स्क्रूची भोकं पुट्टीने बुजवा आणि खरा कॅमेरा त्याच जागी न लावता बाजूच्या भिंतीवर, वेगळ्या आकाराचा, केबल डोळ्यांना दिसेल असा लावा. जुन्या जागी नवा लावलात तर बघणारा म्हणेल, पुन्हा खोटाच आणलाय.